गाडी आमच्याकडे सोडण्याआधी एवढं वाचा

थार, जिप्सी आणि जुन्या जीप : इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, फोर बाय फोर

गॅरेजच्या दारात येणारं दर दुसरं गिऱ्हाईक विचारतं, "पॉवर किती वाढवून मिळेल?" आम्ही उलटं विचारतो, "मागच्या वेळी अडकलात, तेव्हा इंजिन कमी पडलं होतं का?" बहुतेक वेळा तसं नसतं. एखादं चाक जागेवर फिरत होतं, नाहीतर क्लच जळाल्याचा वास सुटला होता. राधानगरीकडच्या ओढ्यात किंवा पन्हाळ्यामागच्या जांभ्या दगडाच्या चढावर गाडी ताशी चार-पाच किलोमीटरने चालवायची असते. तिथं ताकदीपेक्षा गिअर लागतो, आणि तो गिअर चाकापर्यंत पोचवणारा धड क्लच. म्हणून पैसे कुठे आधी घालायचे आणि कुठे मागाहून, ते इथे लिहून ठेवलंय.

क्लच

आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारं काम हेच. जळालेली प्लेट आम्ही तुमच्या हातात देतो. रिव्हेट उघडे पडलेले असतात, आणि फ्लायव्हीलवर (क्लच प्लेट जिला पकडते ती इंजिनाची जड चकती) निळसर-काळे डाग, तव्यावर भाकरी करपल्यासारखे. हे डाग म्हणजे लोखंड तापून गेल्याची खूण. अशा फ्लायव्हीलवर फेस न मारता, म्हणजे मशीनवर घासून सपाट न करता, नवी प्लेट बसवली तर गाडी सुटताना धडधडते आणि प्लेट लवकर जाते. त्यामुळे प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलायचं, फ्लायव्हील तपासून गरज असेल तर फेस मारायचा. "फक्त प्लेट टाका" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की बेअरिंग ओरडायला लागलं की गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल, आणि ती मजुरी पुन्हा तुमचीच.

क्लच जळतो तो बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या डाव्या पायाखाली. चढावर हाय रेंजच्या, म्हणजे रोजच्या रस्त्याच्या, पहिल्या गिअरमध्ये गाडी मरायला लागते, मग अर्धा क्लच दाबून रेस देत बसायचं, आणि दोन मिनिटांत वास. लो रेंज, म्हणजे ट्रान्सफर केसमधला (ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारा डबा) हळू पण जोराचा गिअर, त्यासाठीच दिलेली आहे. जुन्या सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनाच्या) थारमध्ये लो रेंज टाकली की चाकावरचा जोर सुमारे अडीच पट होतो आणि वेग त्याच प्रमाणात उतरतो. पाय क्लचवरून पूर्ण काढा, गाडी आपोआप चढते. उतरतानाही तेच इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत.

घरच्या घरी बघायचं असेल तर सपाट, मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढा, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि थोडी रेस देऊन क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच ठीक. चालूच राहिलं तर घसरतोय. एकदाच करा, करमणूक म्हणून नको.

सिरॅमिक बटणांची प्लेट मागणारे बरेच असतात. ती पकडते घट्ट, पण झटक्यात पकडते. दगडांतून इंच-इंच गाडी सरकवणाऱ्याला ती नकोशी होते, आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरमागे तासभर रांगणाऱ्यालाही. ती आम्ही सगळ्यांना लावत नाही.

मोठे टायर लावलेत?

जुन्या सीआरडीई थारचा मूळ टायर २३५/७० आर१६, उंची सुमारे ७३५ मिलिमीटर. त्याजागी २६५/७५ आर१६ टाकला की ती सुमारे ८०४ होते, म्हणजे नऊ टक्क्यांनी जास्त. दिसायला गाडी रुबाबदार होते, पण प्रत्येक गिअर नऊ टक्के उंच झाला आणि तो सगळा भार क्लचवर आला. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८७ वर असते. यावर खरा उपाय क्राउन-पिनियनचा (एक्सलमधून चाकं फिरवणारी दात्यांची जोडी) रेशो बदलणं हा आहे, पण तो पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलच्या हाउसिंगमध्ये सारखाच बदलावा लागतो. एकाच बाजूला बदलला तर फोर बाय फोर टाकताच दोन एक्सल एकमेकांशी भांडतील. खर्च मोठा आहे. त्या पैशात टायर मूळ मापाचे, पण चांगल्या खाचांचे घ्या, असं आम्ही बिनधास्त सांगतो.

पाणी

मागच्या पावसाळ्यात एक जीप टो करून आली. ओढ्यात बंद पडली होती, मालकाने तिथेच दोनदा सेल्फ मारला. तिसऱ्यांदा सेल्फ फिरेना, तेव्हा फोन. आम्ही ग्लो प्लग काढून इंजिन फिरवलं, तर चार भोकांतून पाण्याची चूळ उडाली. पुन्हा चालू केलं, चाललंही. पण आवाज बरा नव्हता. हेड उतरवून डायल गेज लावला, तर तिसरा पिस्टन वर आल्यावर बाकीच्यांपेक्षा मिलिमीटरभर खाली राहत होता. कनेक्टिंग रॉड वाकला होता. पाणी दाबलं जात नाही, मग वाकायचं कोणी? अशी गाडी चालवत राहिलात तर रॉड एक दिवस ब्लॉक फोडून बाहेर येतो.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर चावी काढून खिशात ठेवा. ढकला, ओढा, पण सेल्फ मारू नका. विम्यात इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलं नसेल तर हा खर्च कंपनी बहुधा देत नाही.

दुसरं पाणी गुपचूप शिरतं. दोन तास चालून एक्सलचं हाउसिंग गरम झालेलं असतं आणि गाडी थंड पाण्यात उतरते. आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हाउसिंगच्या हवेच्या वाटेतून), जुन्या सीलमधून पाणी आत ओढते. महिनाभर काही कळत नाही, मग क्राउन-पिनियन गुणगुणायला लागतं. ओढा ओलांडून आलात की ड्रेन बोल्टखाली काचेचा ग्लास धरून थोडं तेल काढा. मधासारखं दिसलं तर बरं. चहात दूध टाकल्यासारखं दिसलं तर त्याच आठवड्यात बदला. ब्रीदरची नळी बॉनेटच्या उंचीपर्यंत नेणं हे आमच्याकडचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी मागितलं जाणारं काम आहे. स्नॉर्कल (इंजिनाची हवा उंचावरून घेणारी नळी) लावलाय आणि ब्रीदर तसाच खाली, अशा गाड्या रोज बघतो.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस

तेल "कुठलंही नव्वद" चालत नाही. पितळी सिंक्रो रिंग (गिअर अलगद पडायला मदत करणारी कडी) असलेल्या गिअरबॉक्सला साधारणपणे जीएल-फोर दर्जाचं तेल लागतं, हायपॉइड क्राउन-पिनियनला जीएल-फाइव्ह. उलटापालट केली तर काही जीएल-फाइव्ह तेलांतली द्रव्यं पितळ खातात, आणि दुसरा-तिसरा गिअर किरकिरायला लागतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच आम्ही भरतो.

कोरड्या डांबरावर फोर बाय फोर ठेवू नका. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, आणि या गाड्यांत पुढच्या-मागच्या एक्सलच्या मधे हा फरक सामावून घेणारं डिफरन्शियल नसतं. ताण साठत जातो, स्टिअरिंग जड होतं आणि लिव्हर निघत नाही. हातोडी घेऊ नका. चार-पाच फूट रिव्हर्स घ्या, निघतो.

इंजिन

वडापातून (शेअर प्रवासी वाहतुकीतून) निवृत्त झालेल्या जीप हल्ली हौसेनं बांधून घेतल्या जातात. आम्हालाही ते काम आवडतं. बोअर (पिस्टन चालतो ते भोक) वर, मधे आणि खाली मोजतो, अंडाकृती झाला असेल तर आत लायनर, म्हणजे नवी नळी बसवतो. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि हेडचा फेस कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतो, पंप आणि नोझल बेंचवर लावतो. मापं कागदावर लिहून देतो. बांधलेलं इंजिन पहिले हजार किलोमीटर ओझ्याखाली घालू नका.

रिमॅपचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवण्याचं काम आम्ही शेवटी करतो. २४९८ सीसीचं सीआरडीई इंजिन मूळचं २४७ न्यूटन-मीटर टॉर्क देतं. तो वाढवायचा तर आधी क्लच, रेडिएटर आणि टर्बोच्या नळ्या तपासून घ्या. काळा धूर म्हणजे ताकद नव्हे, ते न जळलेलं डिझेल, तुमच्याच पैशांचं.

कायद्याचं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर दर बेकायदा बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी आणा, आरसीवर नोंद होणार असेल तरच आम्ही हात लावतो. आणि फुलांच्या दिवसांत पठारावर गाडी घालून आलेल्यांचं काम करतो, पण तोंड वाकडं करूनच.

गाडी आणताना

खालून धुऊन आणू नका. तेल कुठल्या सीलमधून गळतंय ते चिकटलेल्या धुळीवरूनच कळतं. आरसी आणा, शेवटचं ऑइल कधी बदललं ते आठवून या आणि पाण्यात घातली असेल तर खरं सांगा, ते तसंही ग्लासात दिसतंच. काढलेले पार्ट पोत्यात बांधून तुमच्या डिकीत ठेवतो. सोमवारी गॅरेज बंद.