खुर्च्या कुठे मांडायच्या? ब्लूज सोसायटीच्या नाचरात्रीची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या मध्यम आकाराच्या शहरात ब्लूज सोसायटीची, म्हणजे ब्लूज संगीताच्या चाहत्यांच्या स्वयंसेवी मंडळाची, मैफल ठरली की समितीत हमखास वाद होतो तो खुर्च्यांवरून. मंचासमोर रांगा लावायच्या, की ती जागा नाचणाऱ्यांसाठी मोकळी सोडायची? वाद क्षुल्लक वाटतो, पण हे संगीत नाचाचे की ऐकण्याचे, हा जुना प्रश्न त्यामागे आहे.

सुरुवातीला असा प्रश्नच नव्हता. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी डेल्टातल्या कापसाच्या मळ्यांवर राबणारे कृष्णवर्णीय शेतमजूर शनिवारी रात्री ज्यूक जॉइंटमध्ये जमत. म्हणजे फळ्यांची एखादी खोली, चोरटी दारू, तळलेले मासे आणि कोपऱ्यात एक गिटारवाला. खोलीभर पाय आपटत असताना त्याला एकट्याला सगळ्यांना ऐकू जाईल असे वाजवावे लागे. अंगठ्याने खर्जाच्या तारांवर न थांबता ठोकलेला ठेका, जमिनीवर आपटलेली टाच, गळ्यातून फेकलेला आवाज ही डेल्टा ब्लूजची लक्षणे त्या गरजेतून पक्की झाली. 1927 मध्ये नॅशनल कंपनीची, पोटात धातूचे शंकू बसवलेली रेझोनेटर गिटार आली. विजेशिवाय तिचा आवाज मोठा होता, म्हणून या गायकांनी ती उचलली.

नाच होता ‘स्लो ड्रॅग’. जोडी जवळ, गुडघे किंचित वाकलेले, वजन एका पायावरून दुसऱ्यावर आणि पाऊल जवळपास जागच्या जागी घासत. गर्दीत याहून मोठी पावले टाकायला जागाच नसे. नाचणारे थांबेपर्यंत गाणे लांबवता येई, कडवी तिथल्या तिथे जोडली जात. मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला मात्र जेमतेम तीन मिनिटे मावत. 1936-37 मध्ये डेल्टातला गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनने ध्वनिमुद्रित केलेली 29 गाणी नंतरच्या पिढीने तबकडीवर ऐकली आणि ब्लूज म्हणजे तीन मिनिटांची घट्ट रचना अशी समजूत करून घेतली. नाचाची लांबी त्या तबकड्यांवर उतरलीच नाही.

लाखो लोक दक्षिण सोडून उत्तरेच्या कारखान्यांकडे गेले, त्यांच्यासोबत हे सगळे शिकागोला पोचले. घरभाडे भागवण्यासाठी लोक घरातच तिकीट लावून पार्टी ठेवत. पियानोवर बूगी-वूगी वाजे. मिसिसिपीचा गायक-गिटारवादक मडी वॉटर्स 1943 मध्ये शिकागोत आला आणि तिथल्या गोंगाटात साध्या गिटारचा निभाव लागेना म्हणून विजेच्या गिटारकडे वळला. लिटल वॉल्टरने माउथ ऑर्गन आणि माइक एकाच मुठीत धरून आवाज अ‍ॅम्प्लिफायरमधून काढला. फ्रेड बिलोसारख्या ड्रमरने दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर देत शफल, म्हणजे हेलकावत जाणारा ठेका, बसवला. आज सोसायटीच्या मंचावर जी मांडणी दिसते (ड्रम्स, बास, दोन गिटार, माउथ ऑर्गन, कधी पियानो) ती इथली.

खुर्च्या आल्या त्या नंतर. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी तरुण कृष्णवर्णीय श्रोते सोल संगीताकडे वळू लागले आणि ब्लूजला नवा, बहुतांशी गोरा श्रोता मिळाला. 1958 मध्ये मडी वॉटर्स इंग्लंडला गेला. तिथे साध्या गिटारची अपेक्षा धरून आलेल्या काहींना त्याची विजेची गिटार कर्कश वाटली. 1962 पासून हॉर्स्ट लिपमन आणि फ्रिट्झ राऊ या जर्मन आयोजकांनी ‘अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल’ युरोपातल्या सभागृहांतून फिरवला. अमेरिकेत 1963 मध्ये मिसिसिपी जॉन हर्ट आणि 1964 मध्ये सन हाउस या विस्मृतीत गेलेल्या जुन्या गायकांना चाहत्यांनी शोधून काढले आणि न्यूपोर्टच्या महोत्सवात त्यांच्यासमोर लोक शांत बसले. फडावरची लावणी बैठकीत आली की तिचा अंदाज बदलतो, तसे झाले: शब्द आणि बारकावे वर आले, ठेका मागे गेला. या श्रोत्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. सन हाउसने वाजवणे सोडून दिले होते; त्याला दुसरी कारकीर्द यांच्यामुळेच मिळाली. पण बसलेल्या श्रोत्याने एक सवयही लावली, ती म्हणजे लांबलचक गिटार सोलोची.

सोसायट्यांची लाट ऐंशीच्या दशकातली. डिस्कोच्या काळात क्लबांची कामे आटली होती. 1980 मध्ये मेम्फिसला ब्लूज फाउंडेशन स्थापन झाले. पोर्टलंडची कॅस्केड ब्लूज असोसिएशन आणि वॉशिंग्टन राज्यातली ब्लूज सोसायटी त्याच दशकातल्या. काम स्वयंसेवकांचे: वर्गणी, वार्तापत्र, शाळांमधली प्रात्यक्षिके आणि मासिक मैफल. हॉल परवडणारा हवा, म्हणून माजी सैनिकांच्या किंवा बंधुमंडळांच्या जुन्या वास्तू भाड्याने घेतल्या जात. तिथे छोटा मंच, बार आणि लाकडी जमीन आयतीच मिळे, आणि लाकडी जमीन समोर असली की लोक उठतातच. पुढे नव्वदीच्या अखेरीस लिंडी हॉप या स्विंग संगीतावरच्या जोडीनाचाच्या मेळाव्यांत उत्तररात्री संथ नाचासाठी वेगळ्या खोल्या सुरू झाल्या आणि त्यांतून ब्लूज नाचाचे वेगळे वर्तुळ तयार झाले. आरंभी तिथे कुठल्याही संथ गाण्यावर नाचत. जुन्या कृष्णवर्णीय नाचांचा अभ्यास नंतर आला, आणि तो आला नसता तर हे प्रकरण फारसे टिकले नसते.

त्यामुळे आजची रात्र बसून ऐकणारे आणि नाचणारे अशा दोघांना सांभाळून आखावी लागते. बँडच्या आधी तासभर नवशिक्यांचा वर्ग, मग 45 ते 60 मिनिटांचे दोन-तीन सेट. गाण्यांचा क्रम ठरवताना हिशोब साधा आहे. ब्लूजचे एक आवर्तन बारा बारचे, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा खंडांचे: एकूण 48 मात्रा. मिनिटाला 120 मात्रांच्या शफलमध्ये ते 24 सेकंदांत संपते. 60 मात्रांच्या संथ ब्लूजमध्ये 48 सेकंद घेते. संथ गाण्यात गिटारवाल्याने सहा आवर्तने सोलो घेतला की पावणेपाच मिनिटे झाली. बसलेला रसिक टाळ्या देतो; नाचणारी जोडी पाणी प्यायला जाते आणि लवकर परतत नाही. म्हणून सोलो दोन-तीन आवर्तनांत आटोपायचा आणि संथ गाणी लागोपाठ दोन घ्यायची नाहीत, एवढे बँडला आधीच सांगावे.

खुर्च्या मंचाला काटकोनात, दोन्ही भिंतींच्या कडेने, आणि थोडी टेबले मागे. मंचासमोर रांगा लावल्या तर नाच दाराशी ढकलला जातो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात येतो. स्पीकर डोक्याच्या वर उचलावेत. खाली ठेवले तर पुढच्या जोड्यांचे कान बसतात आणि मागे शब्द पोचत नाहीत. काँक्रीटवर तासाभरात पोटऱ्या भरून येतात. रबरी तळ जमिनीला चिकटतो आणि वळताना गुडघा पिळवटतो. कातडी किंवा स्वेड तळ बरा. जमिनीवर पावडर टाकू देऊ नये. ती एका जागी साठते आणि कोणीतरी घसरते.

जॅमची, म्हणजे कोणीही येऊन वाजवण्याची, रात्र वेगळी. यजमान बँड ड्रम्स आणि अ‍ॅम्प्लिफायर आणतो, बाकीचे यादीत नाव घालतात आणि प्रत्येक गटाला साधारण तीन गाणी मिळतात. ओळख नसलेले वादक बारा बारवर लगेच जुळतात. फक्त सूर आणि लय आधी सांगायची. पाच गिटारवाले एकदम मंचावर चढवले की मात्र ठेका कोणाचाच राहत नाही. याच सोसायट्या स्थानिक स्पर्धा घेऊन विजेत्यांना मेम्फिसच्या आंतरराष्ट्रीय ब्लूज स्पर्धेला पाठवतात. ती 1984 पासून चालते आणि शिलाँगचा ‘सोलमेट’ बँडही तिथे वाजवून आला आहे. मुंबईत 2011 मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला, पहिल्याच वर्षी शिकागोचा गिटारवादक बडी गाय (Buddy Guy) आला. पण तो प्रायोजकाच्या बळावरचा वार्षिक सोहळा. सोसायटीची रात्र दारावरची तिकिटे, सभासदांची वर्गणी आणि मध्यंतरातल्या सोडतीवर चालते. हॉलचे भाडे आणि बँडचे मानधन तेवढ्यातच भागवावे लागते.