बायपासनंतर फुंकू नका, आत ओढा!

बायपास झालेल्या माणसाच्या कॉटजवळ ते तीन बॉलवालं प्लॅस्टिकचं स्पायरोमीटर (फुप्फुसांच्या व्यायामाचं यंत्र) असतंच, आणि बरेच जण त्यात जीव खाऊन फुंकत बसतात. अहो, फुंकायचं नाहीये, श्वास आत ओढायचाय! त्यावरचे ६००, ९००, १२०० हे आकडे म्हणजे सेकंदाला किती मिली हवा आत जातेय ते.

हे करायचं कारण असं की ऑपरेशनसाठी छातीचं मधलं हाड कापून परत स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं, त्यात भूल, व्हेंटिलेटर, झोपून राहणं, आणि दुखतं म्हणून पेशंट वरवरचाच श्वास घेतो, मग फुप्फुसाच्या खालच्या भागातल्या हवेच्या बारीक पिशव्या मिटून जातात, कफ साचतो आणि न्यूमोनियाची भीती. म्हणून ताठ बसून सावकाश ओढा, ३ ते ५ सेकंद धरा, सोडा. जागं असताना दर तासाला दहाएक वेळा, चक्कर वाटली तर थांबायचं. बॉल झटक्यात वर उडवण्यात काही अर्थ नाही, हळू ओढलेली हवाच खोल जाते. खोकला मात्र दाबू नका, उशी छातीशी घट्ट धरून खोका, कफ बाहेर पडलाच पाहिजे.

हातांचं उलटंच होतं. टाके उसवतील म्हणून घरचे हात हलवूच देत नाहीत, मग खांदे आखडतात आणि पाठीला बाक येतो. खांदे वर-खाली, गोल फिरवणं, दोन्ही हात एकत्र समोरून, दुखणार नाही इतपतच वर, हे फिजिओ शिकवतील तसं करा. एकाच हातावर जोर नको, हाड एका बाजूला ओढलं जातं. उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा. हाड जुळायला ६ ते १२ आठवडे लागतात, तोवर ४-५ किलोच्या वर काही उचलू नका, आणि निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदारांनो, सीझन असला तरी द्राक्षाच्या क्रेटला हात लावू नका, प्लीज.

चालणं हवंच, पण डिसेंबर-जानेवारीत नाशिकची पहाट फार गार, थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावर ताण येतो, त्यामुळे कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकला ऊन आल्यावरच जा.

छातीत हाड कटकट वाजलं, जखमेतून पाणी आलं, ताप आला किंवा दम वाढत गेला तर व्यायाम बंद करून लगेच सर्जनना फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.