तेजोमेघांना रंग आला कुठून?

तेजोमेघाचा, म्हणजे अवकाशातल्या वायू आणि धुळीच्या ढगाचा, फोटो दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला: 'हे रंग खरे की नंतर भरलेले?' दुर्बिणीला डोळा लावून मृगातला तेजोमेघ पाहिलेल्या माणसाला तो पडणारच. तिथे दिसतो राखाडी, फार तर हिरवट धूसर पट्टा. अंधूक उजेडात डोळ्याला रंग नीट कळत नाहीत आणि प्रकाश साठवून ठेवणं तर त्याला जमतच नाही.

ते फोटोच्या काचेला, म्हणजे प्रकाशाला संवेदनशील लेप दिलेल्या काचेला, जमलं. सुरुवातीला हा लेप कलोडियन नावाच्या चिकट द्रवाचा असे आणि तो ओला असेपर्यंतच काच चाले; अशा काचा काही मिनिटांत वाळून जात. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि पुढे तासभर प्रकाश गोळा करणं शक्य झालं. ३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्री ड्रेपर यांनी ११ इंची दुर्बिणीतून सुमारे ५० मिनिटांत मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला. १८८३ मध्ये लंडनच्या ईलिंग भागात अँड्र्यू कॉमन यांनी घरच्या बागेतल्या ३६ इंची परावर्तक दुर्बिणीतून घेतलेल्या फोटोत तर डोळ्याला न दिसणारे तारेही उमटले. ड्रेपर डॉक्टर, कॉमन सांडपाण्याच्या कामातले अभियंते. म्हणजे तेजोमेघांचे फोटो काढण्याच्या या छंदाची सुरुवातच हौशी मंडळींनी केली.

रंगाचा पुरावा त्याहून जुना. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांना एका तेजोमेघाच्या वर्णपटात, म्हणजे त्याचा प्रकाश रंगांत फोडून पाहताना, ठळक हिरवी रेषा दिसली. तिच्यासाठी 'नेब्युलियम' नावाचं नवं मूलद्रव्यही कल्पिलं गेलं. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवलं. आज कॅमेऱ्यापुढे लावतात तो ओ-थ्री फिल्टर (याच ऑक्सिजनच्या नावाचा) तीच रेषा पकडतो.

'प्रोसेसिंग', म्हणजे फोटो घेतल्यावर त्यावर केलेलं कामही, संगणकाबरोबर आलेलं नाही. १९७० च्या दशकात आकाशाचे फोटो काढणारे डेव्हिड मॅलिन मूळ काचेला तिचीच धूसर प्रत जोडून डार्करूममध्ये दडलेले तपशील बाहेर काढत. आज आपण एकाच तेजोमेघाच्या शेकडो फ्रेम (सुटे फोटो) संगणकात एकावर एक रचतो. चौपट फ्रेम घेतल्या की नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, निम्मा होतो.

प्रश्न विचारणारा एका बाबतीत मात्र बरोबर आहे. १९९५ च्या हबलच्या गरुड तेजोमेघाच्या फोटोत गंधकाला लाल आणि हायड्रोजनला हिरवा रंग दिला होता. प्रत्यक्षात दोन्ही लालच. हौशी लोकांनी ही पद्धत उचलली, कधी जरा जास्तच. गंमत म्हणजे साधा कॅमेरा उलटी चूक करतो: सेन्सरपुढची काच हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवते. म्हणून पुष्कळ जण कॅमेरा उघडून ती काच काढून टाकतात.