पार्श्वभूमी: पहिलीच चाल बी-३

बुद्धिबळाच्या क्लब स्तरावरील स्पर्धेत पांढऱ्याने बी प्यादे एक घर पुढे सरकवून, म्हणजे बी-३ या चालीने, डाव सुरू केला, तर प्रतिस्पर्धी आजही क्षणभर थबकतो. बाजूच्या प्याद्याने सुरुवात करणे तसे जुनेच आहे. १८४३ मध्ये पॅरिसच्या सामन्यात एका इंग्लिश खेळाडूने सी-४ (सी प्यादे दोन घरे पुढे) ही चाल खेळली आणि या ओपनिंगला, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या पद्धतीला, इंग्लिश ओपनिंग हे नाव तिथूनच आले. पहिल्या महायुद्धानंतरच्या पिढीने तर पटाचा मध्य प्याद्यांनी न व्यापता दूरवरून उंटांच्या माऱ्याखाली ठेवण्याचा विचार रुजवला.

बी-३ ची प्रतिमा मात्र घडली, किंबहुना बिघडली, ती १९७० मध्ये बेलग्रेडला झालेल्या ‘सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग’ या लढतीत. उर्वरित जगाच्या पहिल्या पटावरील डॅनिश ग्रँडमास्टरने दुसऱ्या फेरीत तत्कालीन जगज्जेत्याविरुद्ध ही चाल निवडली आणि अवघ्या सतरा चालींत त्यालाच डाव सोडावा लागला. एवढ्या मोठ्या व्यासपीठावर असा धोका पत्करणे योग्य होते का, हा वाद तेव्हापासून चालू आहे. परंतु दोष पहिल्या चालीच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. पांढऱ्याने चौथी, पाचवी आणि सहावी अशा सलग तीन चाली एकाच घोड्यावर खर्च केल्या व शेवटी त्याची अदलाबदल केली. पुढे राजा मध्यातच अडकलेला असताना काळ्याने चौदाव्या चालीला एच-१ वर हत्तीचे बलिदान दिले आणि जी पट्टीतील (जी या उभ्या रांगेतील) प्याद्याला वजीर होण्याची वाट मोकळी करून घेतली. पांढऱ्याचा दुसरा घोडा तोवर मूळ घरातून हललाही नव्हता. पराभूत खेळाडूने पुढच्याच फेरीत त्याच जगज्जेत्याला हरवले आणि त्याच वर्षी एका अमेरिकन ग्रँडमास्टरने बी-३ खेळूनच डाव जिंकले, या गोष्टी फारशा सांगितल्या जात नाहीत.

संगणकीय डेटाबेस सर्वांच्या हाती आल्यावर ठरलेल्या ओपनिंगची तयारी पंधरा-वीस चालींपर्यंत लांबली. नोकरी-व्यवसाय सांभाळून खेळणाऱ्या क्लब खेळाडूला हे पाठांतर झेपत नाही, म्हणून बी-३ कडे वळणे हा त्याच्यासाठी रास्त पर्याय ठरतो. काळ्याने ई-५ ने (ई प्यादे दोन घरे पुढे) उत्तर दिले, की पांढऱ्याचा उंट बी-२ वरून त्या प्याद्यावर रोख धरतो. पुढे दुसरा उंट बी-५ वर येऊन त्या प्याद्याच्या राखणदार घोड्यावर हल्ला करतो आणि एफ-४ ने त्या प्याद्यावर तिसरा दाब पडतो.