झाकणावर लिहिलेला आकडा

डिसेंबरातल्या एका रविवारी निपाणीहून मेहुणे आले. दारात त्यांची नवी पेट्रोल गाडी, जेमतेम वर्षाची, आणि हातात ऑइलचा पाच लिटरचा डबा. डब्यावर १५डब्ल्यू-४०.

"दाजी, सर्व्हिसला ०डब्ल्यू-२० घालतात म्हणे. पाण्यासारखं पातळ हाय हो ते. आपल्याकडचा उन्हाळा, त्यात महिन्यातनं दोनदा चोर्ला घाट. मेस्त्री म्हणाला दाट घाला, इंजिनाला आधार राहतोय."

त्यांच्या ट्रॅक्टरला वीस वर्षं हेच ऑइल चाललंय आणि ट्रॅक्टर अजून ठणठणीत आहे, हा त्यांचा बिनतोड पुरावा. वाद घालण्यापेक्षा मी औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या धुऊन वाळवल्या. एकीत त्यांच्या डब्यातलं ऑइल भरलं, दुसरीत माझ्याकडे उरलेलं ०डब्ल्यू-२०. वर बोटभर हवा ठेवून बुचं घट्ट लावली आणि दोन्ही बाटल्या एकदम उलट्या केल्या. बेळगावात आमच्या टिळकवाडीत त्या सकाळी चांगलाच गारठा होता. पातळ ऑइलमधला बुडबुडा सरळ वर निघून गेला. दाट ऑइलमधला मात्र सवडीनं, ऊसाची गाडी चढाला लागावी तसा. मग गॅसवरनं उतरवलेल्या कढत पाण्यात दोन्ही बाटल्या दहा मिनिटं बुडवून ठेवल्या आणि पुन्हा उलट्या केल्या. आता दोन्ही बुडबुडे झर्रकन वर गेले. कुठला पुढे, हे सांगायला डोळे ताणावे लागले.

ज्यानं गुऱ्हाळ पाहिलंय त्याला यात नवल वाटणार नाही. काहिलीतनं काढलेली गरम काकवी धारेनं पडते. तीच थंडीत सकाळी बरणीतनं काढायची तर चमचा घालावा लागतो. काकवी तीच, फरक तापमानाचा. ऑइलचंही तसंच आहे, आणि ग्रेडमधले दोन आकडे नेमकं हेच सांगतात: थंडीत हे किती वाहतं आणि तापल्यावर किती दाट उरतं.

आधी तो 'डब्ल्यू'. त्याचा वजनाशी काही संबंध नाही. तो विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा. अमेरिकेतल्या एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेनं ही वर्गवारी ठरवलेली आहे. ०डब्ल्यू ऑइलनं उणे ३५ अंशांत इंजिन फिरू द्यायला हवं, ५डब्ल्यूनं उणे ३० अंशांत, १५डब्ल्यूनं उणे २० अंशांत. आपल्याला उणे अंशांशी काय करायचंय, असं कुणी म्हणेल. पण इंजिन चालू असताना ऑइल साधारण १०० अंशांच्या आसपास असतं. त्या हिशेबानं बेळगावची १२ अंशांची पहाट काय आणि अथणीची मे महिन्यातली सकाळ काय, ऑइलच्या लेखी दोन्ही थंडच. किल्ली फिरवल्यावर ऑइल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत, पोचायला जितका वेळ जास्त, तितकी झीज जास्त.

डॅशनंतरचा आकडा तापलेल्या ऑइलचा. २० किंवा ४० हे अंश नव्हेत, ती वर्गाची नावं आहेत. १०० अंशांना ऑइलची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक असेल तर ग्रेड २०, १२.५ ते १६.३ असेल तर ४०. साधं पाणी २० अंशांना साधारण एक सेंटिस्टोक भरतं. म्हणजे मेहुण्यांचं 'पाण्यासारखं' ऑइल पुरतं तापल्यावरही नळाच्या पाण्याच्या सात-आठ पट दाट असतं.

आता उन्हाळ्याचा मुद्दा. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायची पद्धत आहे, पण ते सोडा. चिकोडी-रायबागकडे पारा चाळिशीला टेकतो हे खरंच. तरी इंजिनाच्या आतलं तापमान बाहेरच्या उन्हावर फारसं ठरत नाही. ते काम थर्मोस्टॅटचं. कूलंट साधारण ८०-९० अंशांना पोचलं की तो उघडतो, रेडिएटरमधनं पाणी फिरू लागतं, फॅन चालू होतो. बाहेर १५ अंश असोत की ४०, इंजिन स्वतःला एका ठरलेल्या पट्ट्यात ठेवतं. गोव्याहून येताना पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू आणि दुसऱ्या गिअरात चोर्ल्याची चढण, असं असलं की ऑइल नेहमीपेक्षा तापतं. तो ताण इंजिन बनवणाऱ्यानं धरलेला असतो. त्यासाठी १५० अंशांना, जोरात घुसळल्या जाणाऱ्या ऑइलची वेगळी चाचणी असते आणि प्रत्येक ग्रेडला तिथं किमान मर्यादा घालून दिलेली आहे.

दाट म्हणजे मजबूत ही समजूत कुठनं आली, ते बघायला बेअरिंगच्या आत डोकावावं लागतं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर काम केलेल्या कुणालाही मायक्रॉन समजावून सांगायची गरज नाही; बाकीच्यांसाठी, मिलिमीटरचा हजारावा भाग. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा, आणि त्याच्या बेअरिंगमधली फट साधारण २० ते ५० मायक्रॉनची असते, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. त्या फटीत ऑइल असतं आणि शाफ्ट त्यावर तरंगतो.

तरंगतो हे अगदी शब्दशः. १८८३ च्या सुमारास ब्रिटनमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसासारख्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. ऑइल घालायला त्यानं बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर आस फिरू लागताच ऑइल आत जाण्याऐवजी उलट वर येऊ लागलं. त्यानं भोकात बूच मारलं. ते बाहेर ढकललं गेलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हलली. दाबमापक लावला तेव्हा काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला. फिरणारा आस ऑइलला स्वतःबरोबर अरुंद होत जाणाऱ्या फटीत ओढत नेत होता आणि तिथं तयार झालेला दाब अख्खा भार उचलून धरत होता. तीनच वर्षांनी ऑस्बॉर्न रेनॉल्ड्सनं त्याचं गणित मांडलं. पावसाळ्यात हायवेवर साचलेल्या पाण्यात वेगानं गाडी घातली की टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतो, त्याच्या पाठीमागे हेच तत्त्व. रस्त्यावर ते जिवावर बेततं, बेअरिंगमध्ये ते हवंच असतं.

ऑइलचा हा पडदा किती जाड होणार हे श्यानता, फिरण्याचा वेग आणि भार या तिघांवर मिळून ठरतं. दाट ऑइलनं पडदा जाड होतो, इथं मेस्त्रीचं बरोबर आहे. पण दाट ऑइल घुसळायला ताकद लागते, त्या घुसळण्यानं उष्णता होते, आणि अरुंद वाटांमधनं ते सावकाश जातं. नव्या इंजिनांत ऑइलला वंगणापलीकडे हमालीही असते. व्हॉल्व्हची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते, टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनरही बऱ्याचदा त्यावरच. त्यांच्या वाटा ठरावीक पातळपणा धरून कोरलेल्या असतात. ट्रॅक्टरच्या इंजिनाचा हिशेब वेगळा, वेग वेगळा. त्यात ०डब्ल्यू-२० घालणं तितकंच चुकीचं ठरेल.

एक गोष्ट मात्र मेहुण्यांच्या बाजूनं सांगायला हवी. पातळ ऑइलकडचा कल निव्वळ इंजिनाच्या प्रेमापोटी आलेला नाही. इंधनाची बचत आणि धुराचे नियम हे त्यामागचं मोठं कारण आहे. घर्षण कमी झालं की मायलेज थोडं वाढतं. एकट्या गाडीला ते जाणवतही नाही, पण लाखो गाड्या विकणाऱ्या कंपनीच्या सरासरीत ते मोलाचं असतं. म्हणूनच एकाच इंजिनाला एका देशात ०डब्ल्यू-२० सांगितलेलं असतं आणि दुसऱ्या देशात ५डब्ल्यू-३० सुद्धा चालतं. मॅन्युअलमध्ये असे दोन-तीन ग्रेड दिले असतील आणि तुमचं येणंजाणं सतत भरल्या गाडीनं घाटातनं असेल, तर त्यातला दाट ग्रेड निवडायला माझी हरकत नाही. मॅन्युअलबाहेरचा नको.

खरं तर माझ्या मते लोक आकड्यावर नको तितकं भांडतात आणि डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचतच नाहीत. पेट्रोल गाडीसाठी एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या खुणेत एस आणि पुढं एक अक्षर असतं. दुसरं अक्षर जितकं पुढचं, तितकं ऑइल नव्या काळाचं. २०२० साली एसपी आलं, ते मुख्यतः टर्बो इंजिनांतल्या अवेळी पेटण्याच्या त्रासावर आणि टायमिंग चेनच्या झिजेवर. एसएफ असं जुनं अक्षर लिहिलेलं स्वस्त ऑइल नव्या गाडीत घालू नये, मग ग्रेड जुळो न जुळो.

बीएस-६ डिझेलवाल्यांनी तर हे वाचायलाच हवं. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. काजळी जाळून तो स्वतःला साफ करतो, पण ऑइलमधल्या धातूच्या क्षारांची राख जळत नाही, ती तिथंच साठत जाते. म्हणून त्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. एसीईए या युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेच्या सी३ या खुणेत राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे. आमच्या गल्लीतल्या एका काकांची डिझेल गाडी रोज घर ते बाजार एवढीच फिरते. फिल्टर जाळायला जादा डिझेल सोडलं जातं, वाटेतच गाडी बंद होते, आणि ते डिझेल हळूहळू ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली बघून काका खूश होते: "बघ, थेंबभर खात नाही गाडी!"

चहा झाल्यावर मेहुण्यांच्या गाडीचं बॉनेट उघडलं. ऑइलच्या काळ्या झाकणावर ०डब्ल्यू-२० कोरलेलं. मॅन्युअलच्या तक्त्यात त्याखाली ५डब्ल्यू-३०, आणि तक्ता तिथंच संपलेला. मेहुण्यांनी तो दोनदा वाचला, मोबाईलवर फोटो काढून मेस्त्रीला पाठवला.

डबा परत डिकीत गेला. ट्रॅक्टरचं ऑइल बदलायला आलंच होतं.