खरखर म्हणजे नेमका कोणता आवाज? घरच्या रेकॉर्डिंगची पार्श्वभूमी

कॅसेटच्या काळात खरखर फितीची होती. फितीवरच्या चुंबकीय कणांमुळे मागे सतत ‘सूं’ ऐकू यायचं, आणि ते दाबण्याची सोय १९६०च्या दशकाच्या अखेरीस निघाली. संगणक आला, फीत गेली, शब्द मात्र तोच राहिला.

विदर्भातल्या खेड्यांत आजही तक्रार एकच असते : “माइक खरखर करून राहिला.” या एका शब्दात निदान तीन आवाज दडलेले असतात, आणि उपाय चुकतो तो इथेच. जाड, एकसुरी ‘घूं’ विजेचा असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अर्थिंग नीट नसेल की तोच सूर तारेतून रेकॉर्डिंगमध्ये उतरतो. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर घूं थांबला, तर दोष माइकचा नाही. एप्रिल-मेमध्ये खिडकीतला कूलर सुरू असतो. तो तर खोलीतला खराखुरा आवाज, माइकने इमानाने टिपलेला. तिसरा ‘सूं’ साउंड कार्डाचा, म्हणजे संगणकातल्या माइकचा आवाज घेणाऱ्या भागाचा, आणि खरी खरखर हीच.

भजन मंडळाचा लाउडस्पीकरचा माइक कन्व्हर्टर पीन लावून सीपीयूच्या गुलाबी जॅकमध्ये खोचला, की हा सूं हमखास यायचा. त्या माइकचा सिग्नल फार क्षीण, म्हणून सेटिंगमध्ये २० डेसिबलचा बूस्ट द्यायचा. त्याने सिग्नल दहापट होतो, पण त्याच्यासोबत सूंही वाढतो. त्यापेक्षा तोंड आणि माइक यांतलं वीतभर अंतर अर्ध्यावर आणलं, तर आवाज जवळपास दुप्पट जोराने पोचतो आणि सूं आहे तेवढाच राहतो. हा बिनपैशाचा उपाय फार कमी ठिकाणी सांगितला गेला.

सांगितला गेला तो ऑडॅसिटीचा. २००० साली आलेल्या, आवाज रेकॉर्ड आणि दुरुस्त करायच्या या फुकट प्रोग्राममध्ये नुसत्या खरखरीचा तुकडा निवडायचा आणि ‘नॉइज रिमूव्हल’ चालवायचं. २०१५च्या आवृत्तीत त्या जागी ‘नॉइज रिडक्शन’ आलं. काढून टाकणं गेलं, कमी करणं आलं. हे नाव प्रामाणिक आहे. सूं बारीक-जाड सगळ्या सुरांवर पसरलेला असतो. खंजिरीच्या चकत्यांची छनछन वरच्या सुरांत असते. सूं मुळासकट उपटायला गेलं की छनछन जाते आणि गाणारा पाण्याखालून बोलल्यासारखा ऐकू येतो. खंजिरी भजनाची कितीतरी रेकॉर्डिंग अशीच मेली. घूं आणि कूलरलाही खरखरच म्हटल्यामुळे त्यांच्यावरही हाच जालीम उपाय झाला.

२०२०मध्ये शाळा बंद झाल्या, शिक्षक घरून धडे रेकॉर्ड करू लागले आणि यूएसबी माइक खेड्यांत पोचले. त्यांचं सर्किट सीपीयूच्या डब्याबाहेर असल्याने डब्यातला गोंगाट टळतो. त्याच सुमारास कॉलच्या अ‍ॅपांमध्ये आपोआप सफाई करणारी यंत्रणा आली. बोलण्यासाठी ती उत्तम, कूलरसुद्धा पुसून टाकते. पण ती माणसाचं बोलणं ओळखायला शिकलेली आहे, त्यामुळे तिच्या लेखी खंजिरीही गोंगाटच. भजन किंवा दंडार हे लोकनाट्य रेकॉर्ड करताना ती बंद करावी लागते, आणि सफाई केली तरी मूळ फाईल वेगळी ठेवावी लागते.