जुन्या लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलीला दुर्बीण निवडताना

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी

दुकानात आल्या आल्या बहुतेक जण विचारतात, “किती एक्सची घेऊ?”, म्हणजे किती पट मोठं दाखवणारी. आम्ही आधी रायफल मागतो. लिव्हर, म्हणजे चापाभोवतीची दांडी, खाली ओढून पाहतो की रिकामी पुंगळी कुठून उडते. दुर्बिणीचा निम्मा निर्णय तिथंच होतो.

विंचेस्टर ९४ ची पुंगळी वरून उडते. जॉन ब्राउनिंगनं १८९४ सालची ही रायफल आखली तेव्हा तिच्या डोक्यावर काही बसवायचं कुणाच्या मनातही नव्हतं. दुर्बीण नेहमीच्या जागी लावली तर पुंगळी तिच्यावर आपटून पुन्हा आत अडकणार. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीनं पुंगळी तिरकी उडेल अशी सुधारणा केली, पण घरोघरी निघतात त्या बहुधा त्याआधीच्या. अशा रायफलीला दोनच वाटा. एक, डाव्या बाजूला पट्टी ठोकून दुर्बीण थोडी बाजूला बसवणं. दुसरी, नळीवरची मागची साइट (नेम धरायची खूण) काढून त्याच खाचेत बसणारा माउंट (दुर्बिणीची बैठक) लावून दुर्बीण पुढं नेणं. पुढं बसणाऱ्या दुर्बिणीला ‘स्काउट’ म्हणतात; ती डोळ्यापासून नऊ-दहा इंचांवरूनही पूर्ण चित्र दाखवते. नेहमीची दुर्बीण तिथं लावली तर चिमुकला गोल दिसेल, बाकी काळं. स्काउटचा तोटा एवढाच की ऊन पाठीमागून आलं तर मागच्या भिंगावर चमक येते.

बाजूच्या पट्टीसाठी भोकं पाडावी लागतात. १९६४ च्या आधीची विंचेस्टर असेल तर आम्ही ड्रिल हातात घेण्याआधी तुम्हाला दोनदा विचारू. त्या रायफलींना संग्राहक चांगले पैसे मोजतात आणि एका भोकानं ती किंमत बरीच उतरते. भोक बुजवता येतं, किंमत परत येत नाही. आमचं मत विचाराल तर अशा रायफलीला दुर्बीण लावूच नका. मागं चांगली पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची) बसवा आणि जंगलात जा.

मार्लिन ३३६ चं काम सोपं. १९४८ पासूनच्या या रायफलीचा माथा सपाट आणि बंद आहे, पुंगळी उजवीकडून जाते. १९५० च्या दशकाच्या मध्यानंतरच्या रायफलींना माउंटची भोकं कारखान्यातूनच पाडलेली असतात. बारीक स्क्रूंनी ती झाकलेली दिसतील. सॅव्हेज ९९ चीही पुंगळी बाजूनं पडते, पण तिच्या सुरुवातीच्या रायफलींना भोकं नसतात. आणलीत की तपासून सांगू.

आता घोड्याबद्दल, म्हणजे अंगठ्यानं मागं चढवायच्या हॅमरबद्दल, कारण धोका इथं आहे. विंचेस्टर आणि मार्लिनचा घोडा उघडा असतो. वर दुर्बीण आली की अंगठ्याला जागा उरत नाही. १९८० च्या दशकाआधीच्या मार्लिनला वेगळी सेफ्टी नाही. अर्धा चढवलेला घोडा हीच तिची सेफ्टी. म्हणजे शिकार न होता परतताना, नळीत काडतूस असताना, थंडीनं बधिर झालेल्या अंगठ्यानं तुम्ही घोडा हळूच उतरवणार, आणि तोही दुर्बिणीखाली बोट खुपसून. अंगठा निसटला तर गोळी सुटू शकते. म्हणून घोड्याला बाजूला निघणारा छोटा जोड लावल्याशिवाय आम्ही अशी रायफल ग्राहकाला परत देत नाही. जोड डावखुऱ्यांसाठी डाव्या बाजूलाही बसतो. तरी सवय एकच ठेवा: घोडा उतरवण्याआधी नळी सुरक्षित दिशेला. सॅव्हेज ९९ ला बाहेर घोडाच नाही, त्यामुळे ही कटकट तिच्या नशिबी नाही.

मग किती एक्स? विंचेस्टर-मार्लिनच्या नेहमीच्या .३०-३० काडतुसासाठी अडीच. फार तर दीड ते चार अशी बदलती. १७० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी नळीतून सेकंदाला सुमारे २,२०० फुटांच्या वेगानं निघते. १०० यार्डांवर नेम बांधला तर २०० यार्डांवर ती आठ-नऊ इंच खाली येते. म्हणजे ही रायफल मुळातच दीडशे यार्डांच्या आतली, आणि आपल्याकडच्या दाट झाडीत हरीण बहुतेक वेळा त्याहून जवळ दिसतं. एवढ्या अंतरावर व्हाइटटेल हरीण ओळखायला नऊ एक्स लागत नाही. उलट नऊ एक्समधून १०० यार्डांवर जेमतेम १४ फूट रुंदीचं जंगल दिसतं, अडीचमधून सुमारे ४० फूट. झुडपातून पळत निघालेलं हरीण चौदा फुटांत शोधत बसलात तर ते तोवर दरीपार गेलेलं असतं.

‘पुढचं भिंग मोठं तेवढा उजेड जास्त’ हा समजही अर्धाच खरा. पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरला एक्सनं भागा. अडीच एक्स आणि २० मिलिमीटर असेल तर उत्तर येतं आठ मिलिमीटर; डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाच्या झोताची ही रुंदी. अंधारात तरुण डोळ्याची बाहुलीसुद्धा सात मिलिमीटरच्या आसपास उघडते, पन्नाशीनंतर त्याहून कमी. म्हणजे सूर्योदयाआधीच्या कायदेशीर अर्ध्या तासातही ही छोटी दुर्बीण तुमच्या डोळ्याला घेता येईल तेवढा सगळा उजेड देते. चाळीस-पन्नास मिलिमीटरचं भिंग घेतलंत तर फक्त उंच रिंगा (दुर्बीण धरणाऱ्या कड्या) लागतील.

आणि उंच रिंगा इथं चालत नाहीत. जुन्या दस्त्याची पाठ उतरती असते, कारण तो उघड्या साइटसाठी घडवलेला आहे. दुर्बीण उंच गेली की गाल दस्त्यावरून सुटतो, मान ताणली जाते आणि प्रत्येक वेळी डोळा नव्या जागी येतो. शक्य तितक्या खालच्या रिंगा घ्या. तरीही गाल टेकत नसेल तर दोरीनं बांधायची चामड्याची गादी मिळते. दस्ता तासायची गरज नाही.

डोळ्यापासूनचं अंतर किमान साडेतीन इंच हवं. .३०-३० ला ते पुरतं. जोरात धक्का देणारं .४५-७० काडतूस असेल तर चार बघा, नाहीतर भुवईवर दुर्बिणीची चंद्रकोर उमटते.

आजोबांच्या काळची दुर्बीण आधीच बसवलेली असेल, लायमन अलास्कन किंवा वीव्हर के२.५ सारखी, तर ती काढून टाकायची घाई करू नका. अलास्कनची नळी ७/८ इंचाची आहे, आजच्या एक इंची रिंगा तिला बसत नाहीत. काही जुन्या दुर्बिणींत नेम फिरवला की क्रॉसच, म्हणजे आतली फुली, मध्यावरून सरकतो. तो दोष नाही, त्या काळची रचना आहे. आतून धुकं धरतं का तेवढं पाहा. कोमट पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे आले तर तिला निवृत्ती द्या.

काडतुसांबद्दल एक सूचना. विंचेस्टर आणि मार्लिनच्या नळकांडी मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक असतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या प्रायमरला (बुडाशी असलेल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीला) टेकून. म्हणून टोकदार कडक गोळी कधीच नाही. चपट्या टोकाची किंवा खास मऊ टोकाची घ्या. ज्या काडतुसांनी शिकार करणार, त्यांनीच नेम बांधा.

कागदपत्रांचंही बोलून घेऊ. एच-१बी किंवा एफ-१ व्हिसावर असलेल्यांना फेडरल कायद्यानं बंदूक आणि काडतुसं बाळगायला बंदी आहे. राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला अपवाद. तो परवाना आधी काढा, रायफलीचं नंतर बोलू. ग्रीनकार्डवाल्यांना हा नियम लागत नाही. आणि “काकांना सांगलीला एक दुर्बीण नेतो” असं कुणी म्हटलं की आम्ही थांबवतो. रायफलीची दुर्बीण अमेरिकेच्या निर्यात नियंत्रणाखाली येते, सुटकेसमध्ये टाकून न्यायची ती वस्तू नाही.

रायफल आणताना मॅगझिन आणि नळी दोन्ही रिकामी करा, काडतुसं घरीच ठेवा. जंगलात घालता तेच जाड जाकीट घालून या. टी-शर्टवर मोजलेलं डोळ्याचं अंतर डिसेंबरात जवळपास एका इंचानं चुकतं. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणाचा रायफलीचा हंगाम उघडतो; त्या आठवड्यात आमच्याकडे रांग असते, तेव्हा सप्टेंबरात आलात तर नेम बांधून पाहायलाही वेळ मिळेल.